तीस पट सावकाश

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत रणधीर सासने स्वतःच्या शर्यतीच्या गाडीतला लोखंडी पिंजरा काढायला निघाला होता. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा. वजन साठ किलो.

"हात तर लाव, मग बघ!" अक्का ओरडली. अक्का म्हणजे डॉ. सुलक्षणा, त्याची दोन वर्षांनी थोरली बहीण. कालभौतिकीची संशोधक आणि या गाडीची मिस्त्रीही तीच.

"अगं, साठ किलो गेले की घाटात चार सेकंद वाचतात."

"आणि तू दरीत गेलास तर आईला काय तोंड दाखवू मी?"

महिनाभर हेच चाललं. शेवटी तोड तिनेच काढली. चालक मरतो तो वेगामुळे नव्हे, ऐनवेळी काही सुचायला वेळ नसतो म्हणून, असं तिचं म्हणणं. तिने चालकाच्या जागेभोवती 'कालविस्तारक' बसवला. बाहेर एक सेकंद सरला की आत तीस सेकंद सरायचे.

"म्हणजे प्रत्येक वळणाला निवांत विचार करायचा?"

"खुशाल कर. पण ते तीसही सेकंद तुझ्याच आयुष्यातले जाणार, ध्यानात ठेव."

"जाऊ देत की! आणि पिंजरा?"

"अपघातच व्हायचा नाही, तर कशाला हवाय? काढ."

झालं! लोकांना वेग आणि जीव यांतलं एकच निवडावं लागतं, या दोघांना दोन्ही मिळालं. भुईबावडा घाटात गाडी अशी सुटायची की बघणाऱ्याची टोपी उडावी. आत मात्र रणधीरला ती बैलगाडीहून सावकाश वाटायची. दहा मिनिटांची फेरी त्याला पाच तास पुरायची.

"अक्का, एका वळणात माझी झुणका-भाकरी संपते," तो सांगायचा. "दरीवर घार अशी थांबलेली असते, की तिची पिसं मोजावीत. धबधब्याचा थेंब न् थेंब वेगळा दिसतो. घाई म्हणून कुठे नाहीच बघ तिथे." बोलताना त्याचे डोळे कुठेतरी लांब लागलेले असायचे. ते बघून तिला बरं वाटायचं. पोरगं सुखरूप आहे, आणखी काय हवं?

रविवार सोडून अडीच वर्षं, रोज पाच फेऱ्या. एकदाही साधा ओरखडा नाही. आणि मग घाटाचा विक्रम त्याच्या नावावर झाला.

विक्रमाच्या अर्जात चालकाचं वय लिहायचं होतं. सुलक्षणाने सवयीने छत्तीस लिहिलं आणि तिचा हात थांबला. टायर किती चालले, पट्टा कधी बदलला, गाडीच्या एकेका भागाचं वय तिच्या वहीत होतं. भावाचं नव्हतं. रोजच्या पाच फेऱ्या म्हणजे रोज एक जादा दिवस. तिने बेरीज केली, परत केली. दोन वर्षांहून थोडी जास्तच.

ती तडक बाहेर आली. रणधीर बॉनेट पुसत होता. कानशिलं पांढरी झालेली. हे आपल्याला रोज दिसत होतं, तरी कसं दिसलं नाही?

"तुला ठाऊक होतं?"

"गेल्या महिन्यात वयात तुला गाठलं मी," तो हसून म्हणाला. "म्हटलं, तुझं तुला कळू दे."

तिला रडू आवरेना. दरीपासून वाचवलेला जीव तिने स्वतःच्या हाताने, फेरीफेरीने खर्चून टाकला होता. डोळे पुसून ती पुढे झाली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

रणधीर गडबडला. "अक्का, हे काय गं!" म्हणत मागे सरकला. पण थोरल्याने गप्प राहून कसं चालेल? त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"औक्षवंत हो," तो म्हणाला.