विसाव्याच्या अलीकडची हलगी

बसा रे पोरांनो, लाइट काय इतक्यात येत नाही. अर्णव, तो मोबाईल जरा पालथा ठेव. मघापासून तुम्ही लॅपटॉपवर गाण्यात गाणी मिसळताय, ते बघतोय मी. मिसळा. त्यात वाईट काही नाही. फक्त सम्राटचं ऐका आणि मग काय ते करा.

सम्राट म्हणजे आपल्या कोडोलीतलाच, तानाबाईचा पोरगा. माझ्याच ओट्यावर बसून त्यानं मला हे सांगितलं. कोल्हापुरात एका डीजेवाल्याकडं तो शिकायला जायचा. त्याचा उस्ताद म्हणायचा, पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं आलं पाहिजे, आणि येताना पहिल्याच्या पावलात पाऊल टाकत आलं पाहिजे. नाचणाऱ्याला कळता कामा नये. एका कानाला हेडफोन, दुसरा कान गर्दीकडं. पोरगं जीव लावून शिकलं. लावणीखाली भांगडा घालायचं, कानडी गाण्यात भजनाचा टाळ. पण त्याला स्वतःचं असं काहीतरी पाहिजे होतं, जे दुसऱ्या कुठल्या डीजेकडं नाही.

म्हणून चहापूड-साखर घेऊन तो केरबाकडं गेला. केरबा जुना हलगीवाला. म्हाताऱ्यानं दारात कागद पेटवले, त्यावर हलगी शेकली आणि पोराच्या मोबाईलपुढं मांडी घालून वाजवत बसला. लग्नाची चाल, कुस्तीची, पालखीची. सगळी दिली.

"आन् मयताची?" सम्राटनं विचारलं.

केरबाचा हात थांबला. "ती घरात वाजवत न्हाईत. आन् एकदा धरली की मानूस जळणापतूर पोचवायचा. मधी सोडायची न्हाय. त्यो त्या तालावर चालत असतोय, बाळा."

"कोन?"

"ज्याला न्हेत्यात त्यो की."

सम्राट हसला. "नाना, त्यो तर खांद्यावर असतोय. चालतोय कुठला!"

"हस लेका. पर माज्या येळंला येवढं ध्येनात ठेव."

ती वेळ थंडीत आली, केरबा गेला. केरबाचीच हलगी गळ्यात घालून त्याचा भाऊ ज्ञानू पुढं झाला. गुलाल उधळला. सम्राटनं पुढचा उजवा खांदा दिला. लोकांना वाटलं, पोरगं गुणाचं. आणि पोराच्या सदऱ्याच्या खिशात, केरबाच्या दारापासूनच, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू.

आपला विसावा तुम्हाला माहीत आहे. कडुलिंबाखालचा तो धोंडा. तिथं तिरडी टेकवतात, खांदे बदलतात. हलगी थांबते. मग उचलली, की परत धरतात ती थेट जळणापर्यंत. तर विसाव्याच्या थोडं अलीकडंच सम्राटनं मोबाईल बंद केला. पाहिजे तेवढं मिळालं होतं. "पोटात कळ आली" म्हणाला, खांदा दुसऱ्याला दिला आणि घरी आला. मयत अजून वाटेवर होतं.

त्याच रात्री त्यानं तो तुकडा कापला. शेवट आणून सुरुवातीला जोडला. तुम्ही त्याला लूप म्हणता. ते संपतच नाही. खाली तो ताल, वर हळदीचं गाणं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा गुरुवार. शेजारच्या गावात हळद होती. सम्राटनं ते मिक्स लावलं आणि पोरं अक्षरशः पिसाळली. परत लाव, परत लाव. म्हातारी माणसं तेवढी एकेक करून उठून गेली. का उठली, ते कुणी विचारलं नाही. सम्राटनं तिथंच बसून ते मिक्स सगळ्या डीजेंच्या ग्रुपवर टाकून दिलं.

पोलिसांनी दहाला बंद करायला लावलं. सामान भरून टेम्पोनं त्याला गावच्या फाट्यावर सोडलं, तेव्हा बारा वाजत आले होते. घर दहा मिनिटांवर. चांदणं बरं होतं. पोरगं खुशीत चाललं होतं.

केरबाच्या दारापुढं आलं... आणि मागं हलगी.

सम्राट थांबला. हलगी थांबली नाही.

मोबाईल काढून बघितला. बंद.

मग उजवा खांदा खाली गेला. बांबू... ओला, गार. त्यावर वजन. हात वर नेला तर हाताला काही लागेना. वजन मात्र होतं.

पाय आपोआप निघाले. तालात. घराकडं वळायचं होतं, वळता येईना. रस्ता सरळ. लांब कडुलिंब दिसला. त्याला वाटलं, तिथवर जाऊ, तिथं टेकवू.

कडुलिंब जवळ आला. धोंडा दिसला. हलगीनं गिरकी घेतली, ताल परत पहिल्यावर आला...

समोर केरबाचं दार.

परत निघाले पाय. परत कडुलिंब. परत धोंडा. हाताच्या अंतरावर...

दार.

"नाना... चुकलं माजं."

पाय चालतच राहिले.

"नाना, खांदा सोलून निघालाय. बदलू द्या की."

अजून एक फेरी झाली. मग कानाशी, अगदी सावकाश...

"इसाव्यावर बदलत्यात, बाळा. चल."

धोंडा. दार. धोंडा. दार.

"आई गं..."

"मला न्हाय पोचू दिलास न्हवं? चल."

पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसांनी त्याला धरलं. केरबाच्या दारापुढं जागच्या जागी पाय उचलत होता. उजव्या खांद्याचं कातडं गेलेलं.

तानाबाई त्याला तशीच ज्ञानूकडं घेऊन गेली. ज्ञानूनं सगळं ऐकलं. खुंटीवरची हलगी काढली, कागद पेटवले. म्हणाला, "चल. फुडची वाजवतो. दादाला पोचवू."

चामडं तापत आलं तसं त्यानं विचारलं, "मोबाईलातली पुसलीस न्हवं?"

"पुसली."

"आन् दुसऱ्या कुनाकडं?"

"ग्रुपवर टाकलीया. सगळ्या डीजेंकडं हाय."

ज्ञानूनं पायानं विस्तव विझवला. हलगी परत खुंटीला अडकवली आणि आत गेला.

सम्राटनं डीजे सोडला. आता दुकानात बसतो. गाणं ऐकत नाही. त्याचा उजवा खांदा खाली असतो, बघितलाच असेल तुम्ही. लगीनसराईत जास्तच.

अर्णव... तुझ्याकडं आहे का रे ते मिक्स?

...

असू दे. सांगू नको.

दिवाळीला तानाबाईनं त्याला पांढरा सदरा आणला. त्यानं घातलाच नाही. पाकिटासकट ट्रंकेत ठेवला. पुढं लग्नं सुरू झाली. एका सकाळी तिनं तो बाहेर काढला. मी तिथंच बसलो होतो, माझ्यासमोर पाकीट फोडलं. उजव्या खांद्यावर गुलालाचा पट्टा. बांबूएवढा रुंद.

घडी मोडलेली नव्हती. टाचण्या होत्या तिथंच होत्या.