दीनाबाईंचं स्वागत

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर बायको दिसली तसे शिमशोन वाकरूळकर खुर्चीतून अर्धवट उठले. दीनाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"ये बाळा," ती म्हणत होती, "जेवल्याशिवाय सोडणार नाही हां!"

"हिला कुणी बसवलं इथे?" शिमशोननी विचारलं.

"यंत्रानं, काका," डॉ. शाल्मली केतकर म्हणाल्या. शिमशोन अलिबागजवळच्या सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. तिथल्या संकेतस्थळासाठी डॉक्टरांनी 'स्वागतप्रज्ञा' ही बोलकी संगणकप्रणाली बनवली होती. "तुम्ही दिलेल्या जुन्या चित्रफितींतून तिनं हजारो चेहरे आणि आवाज घडवले. ज्याच्याशी बोलून लोक खरोखर यायचं ठरवतात, तोच चेहरा ती ठेवते."

"पण ही जिवंत असल्यासारखी बोलतेय!"

"खरंखोटं तिला कळत नाही. माणूस येतो की नाही, एवढंच कळतं."

चित्रफिती शिमशोननीच हौसेनं दिल्या होत्या. आता बोलणार कुणाला? आणि सगळा खटाटोप दीनासाठीच तर होता. वर्षदिनी तिच्या नावानं हश्काबा, म्हणजे मृताच्या शांतीची प्रार्थना, म्हणायची होती. या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात उरले होते सात, त्यातले दोघे अंथरुणाला खिळलेले. ठाण्या-पुण्यात विखुरलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींना सिनेगॉगची वाट दाखवायची, म्हणून संकेतस्थळ सुधारायचं ठरलं.

"ती गेली हे त्यावर लिहा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "मी पडताळून पाहिलं, काका. ते कळलं की एकही जण येत नाही. लोक सिनेगॉगमध्ये येत नाहीयेत. दीनाबाईंकडे येताहेत."

शिमशोन घरी आले आणि मनातल्या मनात देवाशी कडाकडा भांडले. देवानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं.

वर्षदिनाच्या सकाळी सिनेगॉग भरलं. ठाण्याच्या एलियाव पेणकरनं गव्हाच्या चिकाचा हलवा आणला होता, दीनाबाईंनी पडद्यावरून शिकवलेला. "आजी कुठे आहेत?" त्यानं दारातच विचारलं.

शिमशोननी तोंड उघडलं, तोच सिनेगॉगचा कारभार पाहणारा मुकादम हनोख रोहेकरनं त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

"सांगितलंस तर आल्या पावली परत जातील. मग हश्काबा काय भिंतींबरोबर म्हणणार आहेस?"

"आणि नाही सांगितलं, तर जिवंत बाईची हश्काबा कशी म्हणू, हनोख?"

मुकादमाला गप्प राहून चालत नाही. हनोख वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "दीनाबाईंची तब्येत जरा बरी नाही."

सभागृहात हळहळ पसरली. एलियावचे डोळे भरून आले. पोरगं भलं होतं, तिथेच तर घात झाला. "मग आपण त्यांच्या आरोग्याची प्रार्थना करू या ना! दहापेक्षा जास्तच आहोत."

सगळे उभे राहिले. आजाऱ्याचं नाव आईच्या नावासकट घ्यायचं असतं, आणि ते घ्यायचं हजाननं. शिमशोनना पळून जावंसं वाटत होतं. पण इतकी माणसं तिच्यासाठी उभी राहिलेली त्यांनी अंत्यविधीलाही पाहिली नव्हती.

"दीना, रिबकाची मुलगी," ते कसेबसे म्हणाले. "देव तिला बरं करो. उदंड आयुष्य देवो."

"आमेन!" छत दणाणलं.

परतीच्या वाटेवर एलियावनं संकेतस्थळ उघडून आजींची चौकशी केली. तब्येतीबद्दल विचारणारा तो एकटाच नव्हता.

"आता बरं वाटतंय रे, बाळा," पडद्यावरची दीना हसून म्हणाली. "पुढच्या रविवारी सगळे या."