रिकामा खण

जरा जवळ सरका, मला मोठ्यानं बोलवत नाही. भुताचं नंतर सांगतो, आधी माणसांचं ऐका. राग मला त्यांचाच आहे.

बायको गेली त्याआधी दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं एक अंगाई म्हणून ठेवली होती, सुनेच्या पोटातल्या नातीसाठी. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढाच उरला. भाच्यानं तो त्याच्या कंपनीच्या यंत्रांत जपून ठेवला होता. आता नात बोलायला लागलीय. म्हणते, "आजी ऐकव." म्हणून दुपारी जेवून भाच्याकडे गेलो. काम साधंच होतं.

त्यानं मला यंत्रांच्या खोलीत नेलं. गारठा, पंख्यांची न थांबणारी घरघर, तापलेल्या वायरींचा वास. कपाटात नऊ खण, प्रत्येक खणात एक डिस्क. तीन दिवे लाल.

"घाबरू नका, मामा. मामीचा आवाज तुकडे करून नऊ ठिकाणी ठेवलाय. कुठलेही सहा शाबूत असले की बाकीचे त्यांच्यावरून परत तयार होतात."

हे मला पटलं. आईचं गाणं आम्हा भावंडांत कुणा एकाला पूर्ण येत नव्हतं, पण चौघं बसलो की जुळायचं.

"आणि या तीन कधी गेल्या?"

"पहिली... थंडीत."

"अरे, उन्हाळा सरत आला!"

"साहेब म्हणतात, चालतंय ना? मग कशाला बदलायच्या?"

माझं डोकंच फिरलं. तीन वासे मोडलेत, छप्पर कसंबसं तग धरून आहे, आणि घरमालक म्हणतो चालतंय!

भाचा ओशाळला. कुठूनशी मागून आणलेली एकच नवी डिस्क होती, ती त्यानं बसवली. ती भरायला उरलेल्या सहा आपापला तुकडा वाचू लागल्या. घरघर वाढली, चढली... आणि चौथा दिवा लाल झाला. त्यानं घाईनं ती डिस्क ओढून काढली, टेबलावर ठेवली, पुसली. काही उपयोग नाही.

"संपलं, मामा... पाचच उरल्या. सहाशिवाय काहीच उभं राहत नाही."

जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो. तेव्हा ओरडलो, "तिला कुणी विचारणारं होतं की नाही इथे?"

तेवढ्यात रिकाम्या खणावरचा दिवा हिरवा झाला. डिस्क टेबलावर... दिवा मात्र लुकलुकतोय. पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकत भरली. तिचा आवाज आला, मधल्या खोकल्यासकट. भाच्यानं तो लगेच माझ्या फोनमध्ये उतरवून दिला.

अंगाई संपली. पूर्वी तिथेच सगळं थांबायचं. आता पुढे पंख्यांची घरघर... मग माझाच आवाज, "तिला कुणी विचारणारं होतं की नाही इथे?" आणि अगदी कानाशी ती, "कुणी नव्हतं हो... पाचच उरलोय आम्ही."

मी तडक साहेबांना जाऊन ऐकवलं. ते हसले. "आजोबा, ऐकू येतंय ना? मग झालं तर."

त्या दिवसानंतर अजून एकही डिस्क बदललेली नाही. नातीला मी अंगाईपुरतंच ऐकवतो, लगेच बंद करतो. काल हात जरा उशिरा पोचला.

"चारच," ती म्हणाली.