गव्हातला आवाज

चुडामण नाना पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आत तान्हं मूल असावं तशी.

"एक मेली असती तर नशीब म्हटलं असतं," ते म्हणाले. "दोन्ही मेल्या. हा घात आहे, बाई."

पिशवीतून दोन हार्ड डिस्क निघाल्या. अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात लताबाईंच्या धुळ्याच्या कचेरीत असलं काही पहिल्यांदाच आलं होतं. लताबाई खासगी चौकशा करत, पण बहुतेक स्थळांच्या. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे मोडलं होतं का. त्यांचे सोबती जीवरामभाऊ कोर्टातून निवृत्त झालेले. प्रत्येक प्रकरणात जो माणूस पहिला भेटेल तोच त्यांना गुन्हेगार वाटे. आज पहिले नानाच भेटल्यामुळे त्यांची पंचाईत झाली होती.

नाना शाळामास्तर होते. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी बायकांची गाणी टेपवर घेतली. लग्नातली, जात्यावरची, श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीची. त्यातल्या निम्म्याहून अधिक बायका आता नाहीत. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा सगळं जळगावच्या घरी कॉम्प्युटरमध्ये भरलं. सगळ्यात जास्त गाणी बायकोची, भिकुबाईची. हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

"तिचा आवाज फक्त यात आहे," नाना म्हणाले.

पहिली डिस्क खडखडली आणि बंद पडली. दुसरीवर सगळ्याची नक्कल होती. ती दुरुस्तीवाल्या गनीने जोडली, तर फिरेचना.

"दुसरी ठेवली कुठे होती?" लताबाईंनी विचारलं.

"घरातच. फडक्यात बांधून, गव्हाच्या कोठीत पुरून. तिथे चोर हात घालत नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं."

लताबाईंनी ते फडकं मागितलं, नाकाशी नेलं आणि जीवरामभाऊंपुढे धरलं.

"लसणाचा वास," जीवरामभाऊ म्हणाले. "चटणीचं फडकं असेल."

"बरं," लताबाई म्हणाल्या आणि एसटीची वेळ बघायला उठल्या.

एरंडोलपर्यंत जीवरामभाऊंनी मनात गनीला अटक केली होती. नशिराबादच्या रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात पोचल्यावर मात्र त्यांना अवघड झालं. गनी रात्रभर रडल्यासारखा दिसत होता.

"नाना पोलिसांत जातो म्हणतात, अक्का. दोन्ही डिस्का मीच मुंबईहून आणल्या, एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या. पहिलीचं यंत्र आतून घासलं गेलंय. पण ही बघा." त्याने दुसरी उलटी केली. खालच्या हिरव्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा काळ्या पडल्या होत्या.

"जळाली," जीवरामभाऊ म्हणाले.

"जळाली असती तर जळका वास आला असता, भाऊ."

नानांचा भाचा अभिमन कॅसेटी विकायचा. ही गाणी बाजारात आणू म्हणून मामाच्या मागे लागला होता, मामाने हाकलला होता. "भांडलो, खरंय," तो म्हणाला. "कुलपात कुजतील म्हणालो. पण त्यात माझी आईसुद्धा गायलीय. मी कशाला मारू तिला दुसऱ्यांदा?"

नानांच्या घरी सुनेने चहा ठेवला. चहाबरोबर पोहे आले.

"लसूण नाही हं त्यात," सून म्हणाली. "चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण घरातसुद्धा आणत नाहीत. सासूबाईंचा नेम."

जीवरामभाऊंनी उचललेला घास परत बशीत ठेवला आणि लताबाईंकडे पाहिलं. लताबाई शांतपणे पोहे खात होत्या.

"कोठी तू उघडतेस का गं?"

"वरचं झाकण नाही. खालच्या झडपेतून लागेल तेवढे गहू काढते. यंदा किडीच्या गोळ्या टाकायच्याच राहिल्या माझ्याकडून. दरसाल सासूबाई टाकायच्या, बाटली अजून त्यांच्याच उशाशी आहे. तरी एक सोंडा नाही बघा! कानबाईच पावली."

कोठी आतल्या खोलीत होती, भिकुबाईंच्या खाटेला लागून. भिकुबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, उजव्या पायात लोकरीचा मोजा, डावा पाय उघडा. डोळे मात्र जागे.

"तिला काही विचारू नका," नाना दारातूनच म्हणाले. "ती बोलत नाही आता." आणि खाटेकडे न बघता पुढे गेले.

"दिवसभर त्या कॉम्प्युटरपाशी असायचे," सून हळूच म्हणाली. "सासूबाईंची गाणी ऐकत. इकडे फिरकत नव्हते."

लताबाईंनी खिडक्या उघडायला लावल्या, कोठीचं झाकण काढलं, सगळ्यांना बाहेर काढलं. बऱ्याच वेळाने तोंडाला पदर बांधून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तांब्याचा जुना पैसा होता, हळद लावून धान्यात ठेवतात तो. कोळशासारखा काळा. दुसऱ्या हातात कागदात धरलेलं काहीतरी होतं.

गनी आणि अभिमनला बोलावणं गेलं. सगळे आतल्या खोलीत बसले, भिकुबाईंच्या देखत.

"इथे नको," नाना म्हणाले.

"इथेच. त्यांची वाचा गेलीय नाना, कान नाही गेले."

लताबाई पैसा सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "डिस्क कोणी चोरली नाही, पुसली नाही, आपटली नाही. या पैशाला जे झालं तेच तिच्या तांब्याला झालं. लसूण नसलेल्या घरात फडक्याला लसणाचा वास आला, तेव्हाच मला गोळ्यांची शंका आली. धान्याच्या गोळीतून निघणारा विषारी वायू असाच वास मारतो आणि तांबं खातो. सूनबाई म्हणते, गोळ्या टाकल्या नाहीत. सोंडे तर झाले नाहीत. मग कोणीतरी टाकल्याच."

"मी नाही," सून घाबरून म्हणाली.

"तू टाकल्या असत्यास तर फडक्यात गाठ मारून टाकल्या असत्यास. सगळे तसंच करतात." त्यांनी कागद उघडला. आत लोकरीचा मोजा होता, करड्या भुकटीने भरलेला. "एका हाताने गाठ बसत नाही. मोज्यात मात्र गोळ्या सोडता येतात."

जीवरामभाऊंची नजर आपोआप खाटेवर गेली. एक मोजा. एक उघडा पाय.

भिकुबाईंनी मान खाली घातली नव्हती. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. घरचे गहू किडू नयेत म्हणून वाकून, एका हाताने झाकण सरकवून केलेलं काम, आणि त्याखाली काय पुरलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"मला सांगायचं होतंस..." नाना म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून थांबले.

"त्यांना सांगता येत नव्हतं," लताबाई म्हणाल्या. "तुम्हाला येत होतं. गव्हात काय ठेवलंय एवढंच."

मग त्या गनीकडे वळल्या. "एकाच जातीच्या आहेत म्हणालास. पहिलीचं आतलं गेलंय, खालची पट्टी धड आहे. दुसरीचं उलटं."

गनी ताडकन उठला. त्याने नानांचा कॉम्प्युटर टेबलासकट आत ओढून आणला, पहिलीची पट्टी सोडवून दुसरीला बसवली, तारा जोडल्या. डिस्क फिरली. नानांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"लवकर," गनी पुटपुटला. "वायू आतही गेला असेल."

सगळ्यात पहिली फाईल गाण्याची नव्हती. माईक चालतो का बघायला घेतलेली. खरखर झाली, आणि खोलीत धडधाकट, वैतागलेला आवाज घुमला.

"मी काय बोलू? तुम्हीच बोला ना पयले. चुल्हावर दूध शे मन्हं!"

मग आतून कर्रर्र असा आवाज आला. गनीने बटणं दाबली, पुन्हा दाबली, डिस्क काढून पुन्हा लावली. मग हात मागे घेतले. अभिमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गावोगावच्या बायका, कानबाईची गाणी, त्याची आई, सगळं त्या डबीतच राहिलं.

लताबाईंनी पिशवी उचलली. जीवरामभाऊ दारात रेंगाळले. त्यांना वाटलं होतं, उलगडा झाला की माणसाला हलकं वाटतं.

नाना खाटेशी जमिनीवर बसले होते. इतक्या महिन्यांनी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी तो उघडा पाय तळहातात घेतला.

"पाय थंडा पडस का तुन्हा?"

उत्तर येणार नव्हतं. तरी ते मान वर करून थांबले.