बनाबाईंच्या जीपचे शॉकअप

या, जवळ या. मांडी घालून निवांत बसा, पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. आज एका अजब चोराची गोष्ट ऐकवायची आहे. हा चोर काही घेऊन गेला नाही, उलट ठेवून गेला. तरी एका सज्जन माणसाची मान खाली गेली, ती कशी वर आली तेवढं ऐका.

सयाजीमामांनी चहाची बशी ओठाला लावली होती, तेवढ्यात कीर्तनकार बनाबाई जिना चढून आल्या. एक हात कठड्यावर, दुसरा कंबरेवर.

मंगळवार पेठेतल्या त्या खोलीवर ‘प्रियदर्शनी सरनोबत, खासगी तपास’ अशी पाटी होती. मामा एसटीतनं कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आणि आता भाचीबरोबर तपासाला हिंडणारे. बनाबाईंच्या कीर्तनात त्यांची जागा पहिल्या रांगेत. बाईंना दारात बघताच बशी कलंडली.

“माउली, तुम्ही? निरोप धाडायचा, मीच आलो असतो की!”

“काम पोरीकडं हाय, सयाजीराव,” बाई खुर्चीत टेकल्या. “प्रियदर्शनी, माझ्या जीपला कुणीतरी नवं शॉकअप बसवल्यात.”

“मग बरंच झालं की,” मामा म्हणाले. “मागच्या आठवड्यात माझ्यासमोर खड्ड्यात गाडी अशी आदळली, की मला वाटलं पखवाज वाजतोय.”

“गप बसा, मामा,” प्रियदर्शनी म्हणाली. “बाई, पहिल्यापासून सांगा.”

सोमवारी बाई एसटीनं वारणानगरला गेल्या होत्या. त्यांचा ड्रायव्हर कृष्णात सासुरवाडीला, कागलला. जीपची किल्ली कायम दाराबाहेरच्या खुंटीला असे. आळीत कुणाला अडचण आली तर गाडी न्यावी, अशी मुभाच होती. संध्याकाळी बाई परतल्या तेव्हा जीप जागेवरच होती. पण दुसऱ्या दिवशी गाडी निघाली ती लोण्यावरून चालल्यासारखी.

“माझा नेम तुम्हाला ठाऊक हाय. ज्यानं माझं कीर्तन ऐकलं, त्याच्याकडनं डिझेल आणि नारळ, बाकी काही घ्यायचं न्हाई. गुरूंना शब्द दिलाय. म्हशीच्या दुधातनं साठलं की शॉकअप बदलणार हुते. आता माझा भाचा धैर्यशील म्हणतोय, कृष्णातनंच माझ्या नावानं वर्गणी गोळा केली. भर आळीत वरडून बोलला. आणि मी... मी कृष्णातला म्हटलं, शपथ घे.”

“घेतली?”

“न्हाई. खाली मान घालून किल्ली खुंटीला अडकवली आणि गेला. शनिवारी नृसिंहवाडीला कीर्तन हाय, ते ऱ्हाऊ दे. त्यानं केलं असंल तर माझा नेम मोडला. केलं नसंल तर माझ्या हातनं पाप झालं. तेवढं सांग मला.”

शुक्रवार पेठेतल्या आळीत जीप उभी होती. प्रियदर्शनी ओढणी खोचून सरळ गाडीखाली शिरली.

“चारी नवे आहेत, मामा. नटांवर पिवळे ठिपके आहेत. नट आवळून झाला की रंग लावायचा, हा उद्यमनगरातल्या श्रीपाल मेकॅनिकचा शिरस्ता.”

मग ती बॉनेटपाशी थांबली. गंधानं काढलेला स्वस्तिक, वर तीन ठिपके, त्यावर चंद्रकोर.

“पूजा केलीया,” मामा म्हणाले. “चोर देवभोळा दिसतोय.”

प्रियदर्शनीनं फोटो काढला.

धैर्यशीलचं मोबाईलचं दुकान आळीच्या तोंडालाच. “पावणं, कृष्णातशिवाय कुणाला ठाऊक शॉकअप गेल्यात ते? पुढचं दोन गेलं, असं त्यानंच आत्तीला सांगितलं. मी कशाला बसतोय त्या खटाऱ्यात? भंगारात घाल म्हणून सांगून दमलो.”

कृष्णात घरी शेळीला पाला घालत होता. मान वर न करताच म्हणाला, “पुढचं दोन बदलायला पायजेत, एवढंच बोललो बाईंला. मागचं बरं वाटत हुतं. मागं पेटी नि पखवाज असतोय, ते कुठं तक्रार करत्यात?”

“माणसं बसत नाहीत मागं?”

“टाळकरी आपापल्या फटफटीवर. औंदा एकदाच बसली. आळीतली सून अडली हुती, दवाखान्यात न्हेली. बाईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं हुतं सगळी वाट. तवापासनं बाईंची कंबर धरलीया.”

“वर्गणी मागितलीस कुणाकडं?” मामांनी विचारलं.

कृष्णातनं आता मान वर केली. “माझ्या डोळ्यात बघून इचारा परत.”

मामा चपला घालायला लागले.

श्रीपालच्या गॅरेजमध्ये हवेत ग्रीसचा वास होता. तो लपवाछपवी करणारा गडी नव्हता. “व्हय, मीच बसवलं. माझा माणूस धाडून गाडी आणली, काम करून जागेवर लावली. चारीचं मजुरीसकट बारा हजार, पैसे मिळालं. नाव मात्र इचारू नका, शब्द दिलाय.”

“नाव तुमचंच असेल,” प्रियदर्शनी हसली.

“माझं? ताई, मी बाईंच्या कीर्तनाला कायम असतोय. त्यांचा नेम मोडून मला कुठं जायचंय? उलट मी म्हणत हुतो, पुढचं दोनच करा, निम्म्यात भागंल. तर चार बोटं वर. परत समजावलं, परत चार बोटं! मग काय, घातलं चार.”

“आणि बॉनेटवरचा स्वस्तिक?”

“तो न्हाई बा. गाडी इथनं कोरीच गेली.”

परत आळीत आले, तर बनाबाईंच्या शेजारच्या पायरीवर रत्नाबाई उडदाचे पापड वाळत घालत होत्या. मामांनी नमस्कार करून सोमवारचं विचारलं. रत्नाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, हसल्या आणि एक पापड हातावर ठेवला.

आतून त्यांची सून आदिती लेकरू कडेवर घेऊन आली. “सासूबाईंना ऐकू येत न्हाई हो. लहानपणी तापात कान गेलं. आणि मी कालच माहेरावरनं, नांदणीहनं आले. का, काय झालंय?”

“काही नाही. बाळाचं नाव काय?”

“पारस. येताना लई घाई केली ह्यानं, निम्मा वाटंतच येत हुता.”

प्रियदर्शनी बाळाशी खेळत बसली. मामांना वाटलं, आजचा दिवस फुकट गेला. आणि तिकडं कृष्णात बिचारा शेळीपाशी बसलाय.

“मामा,” ती उठत म्हणाली, “कृष्णातला घेऊन या. नाही म्हणाला तर उचलून आणा.”

संध्याकाळी बनाबाईंच्या अंगणात सगळे जमले. कृष्णात दाराजवळ, कुणाकडं न बघता उभा. धैर्यशील फोनमध्ये. श्रीपाल, आदिती, आणि रत्नाबाई, आपल्याला का बोलावलंय ते न कळून बावरलेल्या.

“आधी गाडीचं बघू,” प्रियदर्शनी म्हणाली. “कृष्णातला पुढचेच दोन गेलेत असं वाटत होतं. मेकॅनिक दोनच सुचवत होता. मग पदरचे दुप्पट पैसे घालून चारचा हट्ट कोण धरील? ज्याला मागच्या बाकावरचा दणका ठाऊक आहे तो. टाळकरी गाडीत बसत नाहीत, धैर्यशील बसत नाही. मागं बसले ते एका बाळंतिणीबरोबरचे लोक.”

आदितीचा हात पारसच्या पाठीवर थांबला.

“दुसरं. स्वस्तिकावर तीन ठिपके आणि चंद्रकोर. मामा, ही जैन घरातली रीत. श्रीपालही जैन, म्हणून माझा संशय त्याच्यावर गेला, पण गाडी गॅरेजमधून कोरी निघाली. म्हणजे स्वस्तिक इथं, आळीत काढला. आणि श्रीपाल काय म्हणाला? मी बोलत होतो, तिकडून बोटं वर. माणूस एक शब्द बोललं नाही.”

“माझा शब्द मोडला की हो,” श्रीपाल पुटपुटला.

“तुम्ही नाही मोडलात. आता तिसरं, मला खरं कळलं ते यावरून. असं दान करणारं माणूस मनानं मोठं असणार. कृष्णातवर आळ आलेला कानावर पडला असता, तर ते गप्प बसलंच नसतं. धैर्यशील तर भर आळीत ओरडला. सगळ्यांनी ऐकलं. ज्यानं ऐकलं नाही असं इथं एकच माणूस, तेही जैन घरातलं, आणि सांगणारी सून माहेरी.”

सगळ्यांच्या नजरा वळल्या तशा रत्नाबाई सुनेकडं बघायला लागल्या. आदितीनं हातवारे करत, सावकाश ओठ हलवत सगळं सांगितलं. कृष्णातकडं बोट गेलं, तेव्हा रत्नाबाईंच्या तोंडाचा रंगच उडाला. त्या तरातरा गेल्या आणि कृष्णातचे दोन्ही हात धरून त्यांवर कपाळ टेकवलं.

“आवं, काय करताय आक्का! उठा!” कृष्णातनं त्यांना सावरलं.

रत्नाबाईंनी मग बनाबाईंकडं बघितलं. आधी पारसकडं बोट केलं, मग बाईंच्या कंबरेकडं, आणि हात जोडले. पापड विकून साठवलेलं होतं, एवढं आदितीनं सांगितलं.

बनाबाई म्हणाल्या, “पण माझा नेम...”

“नेम काय आहे, बाई?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“ज्यानं माझं कीर्तन ऐकलं...”

“रत्नाबाईंनी तुमचा एक शब्द तरी ऐकलाय का? अख्ख्या आळीत एवढ्या एकाच माणसाकडून तुम्हाला घेता येतं.”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी रत्नाबाईंना पोटाशी धरलं. मग कृष्णातसमोर येऊन उभ्या राहिल्या. “कृष्णात, मी चुकले. लेकासारखा तू, आणि तुला शपथ घालायला निघाले.”

“ऱ्हाऊ द्या की आता, बाई. शनवारी किती वाजता निघायचं ते सांगा.”

धैर्यशीलनं फोन खिशात टाकला, खुंटीवरची किल्ली काढली आणि कृष्णातच्या हातात दिली. “माझं त्वांड लई सुटतंय, दादा.”

“ते सगळ्या पेठेला ठाऊक हाय,” कृष्णात म्हणाला, आणि अंगणात पहिल्यांदा हसू फुटलं.

शनिवारी जीप नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागली. मागच्या बाकावर पेटी-पखवाजाशेजारी प्रियदर्शनी, मामा, आदिती, आणि रत्नाबाई. त्यांच्या मांडीवर पारस झोपलेला. मामांच्या मनात मात्र एक किडा वळवळत होता.

“पोरी, आता ह्या कीर्तनाला बसणार. मग नेमाचं काय?”

“शॉकअप आधी बसले, मामा.”

घाटावरच्या मंडपात रत्नाबाई अगदी समोर बसल्या, बाईंच्या तोंडाकडं बघत. काय कळलं, किती कळलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण बाईंनी हात उंचावून देवाचं नाव घेतलं तेव्हा रत्नाबाईंचेही हात वर होते, आणि परतीच्या वाटेवर एवढे खड्डे येऊनही पारस काही जागा झाला नाही.

मंडळी, तुम्हीही कधी त्या वाटेनं जाल. गाडी खड्ड्यातून जाईल आणि मांडीवरचं लेकरू झोपेतच राहील. तेव्हा एक करा, आमच्या रत्नाबाईंची आठवण काढा.