दौलतकाकांचे पक्षी

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शनिवार होता, मला ड्युटी नव्हती, आणि पहाटे पाच वाजता मी इथे आखातात, अल नहदाला आमच्या बिल्डिंगखाली चहाचा थर्मास घेऊन उभी होते. निघताना लेक, मिहिका, अर्धवट झोपेत म्हणाली होती, "बर्ड्स? सीरियसली, मम्मा?" तिला काय सांगणार? मी एका माणसाला शब्द दिला होता.

तो माणूस म्हणजे दौलतकाका. गुहागरकडचे. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याजवळ एका साइटवर तीन वर्षं सुतारकाम करत होते. मे महिन्यात आमच्या वॉर्डात आले ते लिव्हर पार गेलेलंच घेऊन. मराठी बोलणारी नर्स भेटली याचाच त्यांना केवढा आनंद. मला सिस्टरबाई म्हणायचे. गावाला बायको, कृष्णाबाई. ड्युटी संपली की मी माझ्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. दोघं फारसं बोलायची नाहीत. नुसती एकमेकांकडे बघत राहायची.

पक्ष्यांबद्दल मात्र काका भरभरून बोलत. नवरात्र सरलं की त्या चिखलात काळे-पांढरे पक्षी उतरतात, खेकडे पकडून खातात. "एकच पिल्लू असतं त्यांना," ते सांगायचे. "आईएवढं वाढलेलं, समुद्र ओलांडून आलेलं, तरी आईच्या मागं शीळ घालत फिरतं. आणि ती भरवते हो त्याला. एकदा बघून या." मी म्हटलं, येईन बघून.

शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, जरा बसा. मी म्हटलं, आलेच पाच मिनिटांत. नऊ नंबरच्या पेशंटचं बीपी एकदम उतरलं होतं. पाचाची वीस मिनिटं झाली. परत आले तोवर काका गेले होते. एकटेच. कृष्णाबाईंना मी फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत मी हात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो. पुढे कित्येक दिवस त्या वाक्याने मला घास गोड लागू दिला नाही.

तर त्या शनिवारी खैरुन्निसाच्या गाडीतून आम्ही निघालो. ती आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, हैदराबादची, पक्ष्यांचं भारी वेड. पोचलो तेव्हा उजाडत होतं. ओहोटी लागलेली, पार क्षितिजापर्यंत ओला करडा चिखल, आणि मीठ-शेवाळाचा तो कुबट वास. तिचा गुडघा दुखत होता, म्हणून ती गाडीपाशीच दुर्बीण लावून बसली. मी तिचे रबरी बूट चढवले, फोन चिखलात पडायला नको म्हणून सीटवर ठेवला, आणि पुढे गेले.

आणि दिसले हो मला. चाळीसेक असतील. काळ्या पाठीचे, पांढऱ्याशुभ्र पोटाचे. एका आईमागे तिचं थोराड पिल्लू शीळ घालत धावत होतं. तिने खेकडा आपटला, पाय मोडले, आणि त्याच्या चोचीत दिला. मला रडू आलं. किती वेळ उभी राहिले, कळलंच नाही.

पक्षी अचानक सगळे मिळून उडाले तेव्हा मी मान वर केली. समुद्र नव्हता, किनाराही नव्हता. धुकं आलं होतं. पसरलेला हातसुद्धा नीट दिसेना. आणि बुटांना पाणी लागत होतं. भरती सुरू झाली होती.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न ऐकू आला. अगदी सरळ समोरून. खैरुन्निसा मला दिशा दाखवत होती. मी भराभर तिकडे निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच बामचा वास आला. कपाळाला चोळतात तो. आमच्या वॉर्डात एकाच माणसाच्या उशाशी त्याची डबी असायची.

"सिस्टरबाई... तिकडं नको."

आवाज उजवीकडून आला. हळू, थकलेला. उजवीकडे तर, माझ्या समजुतीप्रमाणे, समुद्र होता.

मी थांबले. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. पाणी घोट्याच्या वर आलं होतं.

"इकडं या... मी आहे."

खरं सांगते, भीती वाटत होती. पण त्या आवाजात जी माया होती, ती मी ओळखत होते. मी हॉर्नकडे पाठ फिरवली.

पुढे काही दिसत नव्हतं. फक्त पाण्यात पाय टाकल्याचा आवाज, माझ्या दोन पावलं पुढे. मी थांबले की तो थांबे. पाणी गुडघ्याला लागलं, मग पोटरीवर उतरलं, पुन्हा गुडघ्याला आलं. चालता चालता माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, त्या दिवशी मी नव्हते हो तुमच्याजवळ. मी खोटं बोलले."

पुढचं पाऊल थांबलं. मग एवढंच...

"ठाऊक आहे. चला."

किती वेळ चाललो, सांगता येणार नाही. पायाखाली कोरडी वाळू लागली तेव्हा मागेपुढे कुणी नव्हतं. किनाऱ्याने चालत मी गाडीपाशी आले, तर खैरुन्निसा हॉर्नवर हात ठेवूनच रडत होती. तासाभराने धुकं विरलं. मी उभी होते ती जागा आणि गाडी यांच्या मधोमध, ज्या सरळ रेषेत मी निघाले होते तिथेच, खाडीची धार वाहत होती. काळीभोर, पुरुषभर खोल. सकाळी पक्ष्यांमागे जाताना मी तिला नकळत वळसा घातला होता. ती बघून खैरुन्निसाने तोंडावर हात ठेवला. "मैं तो तुझे उधर ही बुला रही थी," ती पुटपुटली. मला पोहता येत नाही, हे तिला माहीत आहे.

संध्याकाळी मी कृष्णाबाईंना फोन लावला. आता खरं सांगून टाकायचं होतं. पण मी सुरुवात करायच्या आतच त्या म्हणाल्या की तुम्ही तेव्हा जवळ नव्हता ते मला कळलंय, मनाला लावून घेऊ नका.

कुणी सांगितलं, मी विचारलं.

"ह्यांनीच. सकाळी आले होते."

"स्वप्नात?"

"नाही हो. मी अंगण झाडत होते. पायरीशी उभे. गुडघ्यापर्यंत चिखल पायांना. मी म्हटलं, आधी पाय धुवा, मग आत या." त्या हळूच हसल्या. "म्हणाले, बसायला वेळ नाही. सिस्टरबाई सुखरूप बाहेर आल्या, एवढं सांगायला आलो."

फोनवर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"आणखी एक निरोप आहे," त्या म्हणाल्या, आता अगदी खालच्या आवाजात. "पुढच्या वर्षी तिकडं जाऊ नका म्हणाले. मी विचारलं, का?... तर म्हणाले, मी तिथं एकटाच नाही, हाका मारणारे आणखीही आहेत."