उजवीकडे कललेल्या रेघा

"खरं सांग ताई... ही चित्रं कुणाची?"

धाकट्याने मुद्राचित्रांचा गठ्ठा ताईपुढे टेबलावर आपटला! वडिलांनी तांब्याच्या पाट्यांवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा सारा संग्रह उद्या संग्रहालयात जायचा होता. त्याची यादी करायला म्हणून धाकटा आला, पण यादी राहिली बाजूला, तीन दिवस तो झडती घेतल्यासारखा खण न् खण उपसत होता. ती खोलीत आली की गप्प, तिची पाठ वळली की बायकोशी फोनवर कुजबुज... आपलेच दात, आपलेच ओठ! सांगायचे कुणाला?

"बाबांच्या रेघा जन्मभर डावीकडे कलल्या. शेवटच्या अकरा वर्षांत सगळ्या उजवीकडे! कुठंतरी पाणी मुरतंय. कुणाकडून करून घेतलीस? आणि खाली सही बाबांची?"

ताईने विस्कटलेला गठ्ठा सारखा करायला घेतला. कुणाला कळू देणार नाही, असे बापाला अखेरच्या घटकेला दिलेले वचन होते!

"बोल की! निदान चोराच्या उलट्या बोंबा तरी मार!"

संतापून त्याने खणातून गठ्ठ्यातल्या वरच्या चित्राची तांब्याची पाटी काढली, कोरायची सुई उचलली आणि रेघ कशी ओढली ते पाहायला तिच्यावर टेकवली. उजवा हात अडखळला. छापताना सगळे उलटे उमटते, हे छापखान्यात वाढलेला हा गडी रागाच्या भरात साफ विसरला होता! पाटीवर रेघा डावीकडे कलल्या होत्या, डाव्या हाताने ओढाव्यात तशा. त्याने सुई डाव्या हातात घेतली... ती रेघेवरून अलगद घसरत गेली.

घरात डावरे माणूस एकच होते.

"ताई... तू?"

"बाबांचे हात कापायला लागले रे! सुई गळून पडायची आणि ते लहान मुलासारखे रडायचे. मग ते सांगायचे, मी कोरायची. सहीसुद्धा मीच... तो पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचा चेहरा पाहिलास ना? मला खुशाल चोर म्हण, पण त्यांना हसं करू नकोस रे!"

धाकट्याने तिची शाईने काळवंडलेली बोटे कपाळाला लावली आणि तो ढसाढसा रडू लागला. "आणि मी तुझ्यावरच संशय घेतला... त्यांचं नाव नाही खोडायचं, ताई. चित्र त्यांच्या मनातलं, हात तुझा. शेजारी तुझी सही कर."

ती नको नको म्हणत राहिली. अखेर त्याने पेन्सिल तिच्या हातात दिलीच. तिने डोळे पुसले, सही केली आणि दोघे कागदाकडे पाहतच राहिले.

सवयीने तिच्या हातून पुन्हा बाबांचीच सही उमटली होती.